अंगण वाकडं की पाय?

मावसबहिणीच्या लग्नाची डीव्हीडी मखमली खोक्यात होती आणि खोकं कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात. त्या खणाला हात लागला तो तिच्या मुलीनं "आई, तुझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे ना गं?" असं विचारल्यावर. लॅपटॉपमधली डिस्क घालायची फट जाऊन जमाना झाला, म्हणून यूएसबीनं जोडायचा पातळसा ड्राइव्ह आणला गेला. आणि घरात 'त्यातलं कळणारा' मामा मीच असल्यामुळे डिस्क, ड्राइव्ह आणि वायर एका पिशवीतून माझ्याकडे आली.

डिस्क आत गेली. ड्राइव्ह घुरघुरला, गप्प झाला, पुन्हा घुरघुरला, आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ओळ उमटली : 'सेन्स की : मीडियम एरर'. तिच्याखाली आणखी एक : 'एल-ईसी अनकरेक्टेबल एरर'. तोच ड्राइव्ह, तीच डिस्क विंडोजच्या संगणकाला लावली, तर तो म्हणाला, 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक'. मॅकनं तर चकार शब्द न काढता डिस्क बाहेर ढकलली.

दुखणं एक आणि जबान्या तीन. ही भाषा कुणी घडवली, ती कोणाकोणाच्या तोंडून फिरत आपल्यापर्यंत येते आणि तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो : ड्राइव्ह बोलतो ते निदान नसतं, ती तक्रार असते. आणि या खटल्यात तक्रारदार स्वतःही संशयित असतो.

ही भाषा यूएसबीची नाही, विंडोजची तर नाहीच. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेम संगणकांत 'सेन्स' नावाची आज्ञा होती. एखादं उपकरण अडलं की संगणक त्याला विचारी, बाबा रे, नेमकं काय झालं? आणि उपकरण त्याच्यापुढे काही बाइट टाकी. हीच रीत पुढे स्कझीत आली. शुगार्ट असोसिएट्स कंपनीच्या 'सासी' या जोडणीतून वाढलेलं स्कझी १९८६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय मानक झालं. पुढे सीडी-रॉम घरगुती संगणकांत शिरले तेव्हा त्यांच्यासाठी नवी भाषा कुणी रचली नाही. स्कझीच्याच आज्ञा पाकिटात घालून आयडीईच्या पट्टीवरून पाठवायच्या असं ठरलं, आणि त्या पाकिटावरूनच त्या पद्धतीला अटापी हे नाव पडलं. यूएसबी आली तेव्हाही पाकीट बदललं, आतलं पत्र तेच राहिलं. त्यामुळे तुम्ही कालपरवा घेतलेला ड्राइव्ह आजही १९८० च्या दशकातली बोली बोलतो. ती आपल्याला दुर्बोध वाटते याचं अर्धं कारण हेच. ती आपल्यासाठी नव्हतीच. ती यंत्रांची आपसातली कुजबुज होती आणि कुणीतरी तिला पडद्यावर आणून सोडलं.

बोलण्याची रीत अशी. संगणक आज्ञा देतो, अमुक सेक्टर वाच. ड्राइव्हला जमलं नाही तर तो फक्त 'चेक कंडिशन' एवढंच म्हणतो, म्हणजे काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय हे संगणकानं 'रिक्वेस्ट सेन्स' पाठवून वेगळं विचारायचं. उत्तरादाखल बहुधा १८ बाइट येतात आणि त्यांतले तीन आकडे कामाचे असतात : एक सेन्स की, दुसरा जादा सेन्स कोड आणि तिसरा त्याचा पोटकोड. सरकारी कचेरीतून परत आलेली फाइल ज्यानं पाहिली आहे त्याला हे लगेच उमगेल. फाइल कोणत्या टेबलावर अडली ते सेन्स की सांगते, तिच्यावरचा शेरा म्हणजे जादा कोड, आणि शेऱ्याखालची बारीक अक्षरातली टीप म्हणजे पोटकोड. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' असं लिहिलेलं असतं, त्रुटी कोणाची ते मात्र आपणच शोधायचं.

आकडे सोळाच्या पाढ्यातले असतात. नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग १०. म्हणून कोड ११ म्हणजे अकरा नव्हे, सतरा. कोड शोधताना आकडा दशमान समजून भलत्याच ओळीवर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतात. आणखी एक बारकावा उत्तराच्या पहिल्याच बाइटमध्ये आहे. तिथे ७० असेल तर तक्रार आत्ताच्या आज्ञेबद्दल. ७१ असेल तर ती मागे कधीतरी दिलेल्या आज्ञेबद्दल, जिला ड्राइव्हनं तेव्हा 'झालं' म्हणून होकार दिला होता. लिहिण्याचं काम पोटातल्या बफरमध्ये साठवून नंतर उरकणारे ड्राइव्ह असे शिळे निरोप देतात, आणि आपण ताज्या फाइलला दोष देत बसतो.

सेन्स की शून्यापासून सुरू होतात. शून्य म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. एक म्हणजे अडलं होतं, पण निभावलं. हा एक आकडा वारंवार दिसायला लागला तर डिस्कची नक्कल लगेच करून घ्यावी, कारण निभावण्याची ताकद संपत आल्याची ती खूण असते. दोन म्हणजे तयार नाही, तीन म्हणजे माध्यमात दोष, चार म्हणजे यंत्रात दोष, पाच म्हणजे मागणीच गैर, सहा म्हणजे लक्ष द्या, सात म्हणजे लिहायला मनाई, आठ म्हणजे कोरी जागा. त्यापुढच्या की घरगुती वापरात क्वचित भेटतात. फक्त बी, म्हणजे आज्ञा मधेच सोडली, हिचं नाव लक्षात ठेवा. ती बरेचदा वायरीकडे बोट दाखवते.

सर्वांत घाबरवणाऱ्या आणि सर्वांत निरुपद्रवी अशा दोन की आधी हातावेगळ्या करू. सहा नंबरची की, कोड २८, म्हणजे 'डिस्क बदलली असावी'. ही चूक नव्हे, वर्दी आहे. कोड २९ म्हणजे 'वीज आली' किंवा 'रीसेट झाला'. ड्राइव्ह जोडल्या जोडल्या ही वर्दी आली तर तिच्याकडे ढुंकूनही पाहू नका. मात्र नक्कल चालू असताना मधेच २९ दिसला, तर ड्राइव्ह घेरी येऊन पडला आणि पुन्हा उभा राहिला असं समजायचं. याचं कारण वीज. त्याकडे पुढे येतो.

पाच नंबरची की म्हणजे 'इल्लीगल रिक्वेस्ट'. नाव ऐकून पोलीस येतील की काय असं वाटतं. नाट्यसंगीताची साधी ऑडिओ सीडी लिनक्सच्या संगणकात घाला. एखादा प्रोग्रॅम तिच्यात फाइली शोधायला जातो आणि पाच, ६४, शून्य असं उत्तर येतं : या ट्रॅकसाठी ही पद्धत चालत नाही. पाठोपाठ 'आय/ओ एरर' च्या ओळींची रांग लागते. सीडी ठणठणीत असते. गाण्याच्या ट्रॅककडे फाइलीसारखं वाचन मागितलं, एवढाच गुन्हा. तसाच प्रकार एकेक ट्रॅक सुटा राइट केलेल्या जुन्या डेटा सीडींचा. अशा ट्रॅकच्या शेवटी दोन सेक्टर नुसते लेझर थांबवण्यापुरते असतात आणि ते वाचता येत नाहीत. संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढताना नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत सुरळीत जाऊन अगदी शेवटी एरर आली की माणूस हताश होतो, आणि खरं तर त्याचं काहीही गेलेलं नसतं.

याच कीखाली ६एफ हा कोड येतो, आणि त्याच्याशी परदेशी राहणाऱ्या मराठी घरांचा जुना परिचय आहे. डीव्हीडीच्या जगाचे विभाग पाडले गेले. अमेरिका १, ब्रिटन आणि आखाती देश २, भारत ५. न्यू जर्सीहून भाच्यानं हौसेनं आणलेली इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी इथल्या ड्राइव्हमध्ये घातली की ६एफ, ०४ : डिस्कचा विभाग आणि ड्राइव्हचा विभाग जुळत नाही. ड्राइव्हचा विभाग पाच वेळा बदलता येतो, पाचव्या खेपेनंतर तो कायमचा. इथे ना डिस्क बिघडलेली, ना ड्राइव्ह. धंद्यातला करार यंत्राच्या तोंडून 'एरर' म्हणून बोलतो, एवढंच. मला या सगळ्या यादीतली हीच ओळ सर्वांत अप्रामाणिक वाटते.

आता मुख्य खटला. की दोन, कोड ३ए : 'मीडियम नॉट प्रेझेंट', डिस्क नाही. आपण डिस्क घातलेली असते, स्वतःच्या हातांनी. मग हा खोटं बोलतो का? नाही, तो आंधळा आहे. ड्राइव्हला डिस्क असल्याचं कळायला एकच मार्ग असतो : भिंग वरखाली करून लेझर टाकायचा आणि परतून येणाऱ्या उजेडाची वाट पाहायची. पुरेसा उजेड परतला नाही तर त्याच्या लेखी डिस्क नाही. डिस्क उलटी ठेवली असेल तरी हेच उत्तर, भिंगावर धुळीचा थर असेल तरी हेच, आणि लेझर म्हातारा झाला असेल तरी हेच. छापील सीडी पडलेल्या उजेडातला किमान ७० टक्के परत पाठवते; पुन्हापुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू १५ ते २५ टक्केच. म्हणूनच सिनेमाची सीडी पटकन उचलणारा ड्राइव्ह आरडब्ल्यू डिस्कसमोर 'काहीच नाही' म्हणून हात झटकतो. आपल्याकडचा कारागीर याला 'ड्राइव्ह सीडी उचलत नाही' म्हणतो, आणि अधिकृत संदेशापेक्षा मला त्याचं वाक्य जास्त खरं वाटतं. डिस्क नाही असं तो म्हणत नाही. उचलत नाही, म्हणतो.

की तीन, कोड ११. हीच आमच्या लग्नाच्या डीव्हीडीवरची ओळ. तिचा अर्थ लागायला डिस्कवर काय लिहिलेलं असतं ते थोडं पाहावं लागतं. सीडीवर दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४. इतक्या बारीक अक्षरात चुका होणारच, हे १९८२ साली सीडी बाजारात आणणाऱ्या फिलिप्स आणि सोनीला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली संकेतपद्धत वापरली. मजकुराबरोबर थोडे जादा आकडे लिहायचे आणि शेजारच्या बाइट दूरदूर पेरायच्या, म्हणजे एक ओरखडा सलग मजकूर खात नाही. तो अनेक ओळींतलं एकेक अक्षर खातो, आणि एकेक अक्षर गाळलेल्या जागेसारखं भरून काढता येतं. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा सीडी अशी पचवते. डेटा सीडीत त्यावर आणखी एक कवच असतं : सेक्टरच्या २३५२ बाइटपैकी आपल्या कामाचे २०४८, आणि उरलेल्यांपैकी २७६ फक्त दुरुस्तीसाठी. हे शेवटचं कवच म्हणजेच 'एल-ईसी'. तेही पुरलं नाही की ११, ०५ ही ओळ उमटते. त्याआधी ड्राइव्हनं वेग कमी केलेला असतो, मागे जाऊन पुन्हा वाचून पाहिलेलं असतं. ती घुरघुर त्याचीच. म्हणजे ही ओळ पहिल्या अडखळण्याची नाही, सगळे उपाय थकल्यावरची आहे.

डीव्हीडीत दुरुस्तीचा हिशेब १६ सेक्टरांच्या गठ्ठ्यावर, म्हणजे ३२ किलोबाइटवर चालतो. त्यामुळे एक सेक्टर गेला असं सहसा होत नाही, गठ्ठाच्या गठ्ठा जातो. एररच्या ओळींतले सेक्टर क्रमांक सोळा-सोळाच्या पुंजक्यांनी दिसले तर दचकू नका, गणिताचा स्वभावच तसा आहे.

ओळ म्हणते, माध्यमात दोष. ड्राइव्हची बाजू ऐकून घेतली, आता उलटतपासणी. अक्षरं पुसट दिसायला कागद जबाबदार की चष्मा? लेझर अशक्त झाला, भिंगाची पकड ढिली झाली किंवा यूएसबीतून पुरेशी वीज येत नसली तरी ड्राइव्हला दिसतं ते एकच : अक्षर लागत नाही. आणि अक्षर लागलं नाही की त्याच्या नियमाप्रमाणे दोष माध्यमाचा. नाचता येईना, अंगण वाकडं. स्वतःच्या थकलेल्या डोळ्यांबद्दल बोलायला त्याला की क्रमांक चार दिलेली आहे, पण ती तो फार उशिरा वापरतो : भिंगाचा तोल साफ सुटला, मोटर फिरेना, पोटातला नियंत्रक कोलमडला, तेव्हा. तोवर सगळी अंगणं वाकडी. त्यातही एकवाक्यता नाही. ओरखडलेल्या एकाच डिस्कवर एक ड्राइव्ह ११, ०५ म्हणतो, तर दुसरा ०२, ०० म्हणजे 'जागेवर पोचता आलं नाही' म्हणतो. एक म्हणतो अक्षर पुसट, दुसरा म्हणतो पानच सापडत नाही. मानकाचं काम पाहणारी टी-१० समिती कोडांचे अर्थ ठरवते. कोणता कोड केव्हा वापरायचा हे ड्राइव्हचा फर्मवेअर लिहिणारा ठरवतो.

म्हणून 'मीडियम एरर' वाचून डिस्क कचऱ्यात टाकू नये. आधी छापील सीडी, छापील डीव्हीडी आणि घरी राइट केलेली दुसरी एखादी डीव्हीडी अशा तीन डिस्का त्याच ड्राइव्हमध्ये फिरवून पाहाव्यात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन निराळे लेझर असतात. त्यामुळे सगळ्या सीडी चालतात आणि एकही डीव्हीडी चालत नाही, असं दिसलं तर एक डोळा गेलाय, अंगण सरळ आहे. घरी राइट केलेल्या डिस्कवर छापील डिस्कसारखे खड्डे नसतात, रंगद्रव्यावर लेझरनं उमटवलेले डाग असतात. थकलेल्या ड्राइव्हला ते आधी दिसेनासे होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत 'लेन्स क्लीन करून देतो, काका' असं ऐकू येतं. धूळ असेल तर त्यानं खरोखर फरक पडतो. लेझरचं वय मात्र कापसाच्या बोळ्यानं पुसलं जात नाही.

अंगणही कधी कधी खरंच वाकडं असतं. सीडीचा चकाकणारा थर खालच्या बाजूला असतो असं बहुतेकांना वाटतं. तो असतो लेबलाखाली, पातळ लाखेच्या आड. खालचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, लेबलावर बॉलपेननं दाबून लिहिलेलं नाव निभावत नाही. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मधे असल्यामुळे ती या बाबतीत सुदैवी. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न इथल्या कारखान्यात १९८० च्या दशकाअखेरीपासून काही वर्षं छापलेल्या सीडी पुढे तांबूस पडून निकामी झाल्या, हे संग्राहकांत प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कोकणातल्या चार पावसाळ्यांनी लेबलाच्या कडेनं आत शिरून काय केलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. डिस्क खिडकीसमोर धरावी. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तर ड्राइव्हनं खरं सांगितलं असं मानायला हरकत नाही.

इथवर ड्राइव्ह स्वतः बोलत होता. बाहेरून जोडायच्या ड्राइव्हच्या बाबतीत मात्र मधे एक दुभाषी बसलेला असतो. डबीच्या आत असतो साधा साटाचा ड्राइव्ह, लॅपटॉपमध्ये बसायचा तोच, आणि त्याच्यापुढे यूएसबीशी बोलणारी एक चिप. १९९९ च्या ठरावीक पद्धतीनुसार संगणक ३१ बाइटच्या पाकिटातून आज्ञा पाठवतो आणि ही चिप १३ बाइटची पावती परत करते. पावतीवर निकालाला एकच बाइट : शून्य म्हणजे झालं, एक म्हणजे नाही झालं, दोन म्हणजे आपल्या दोघांचा ताळमेळ चुकला. तपशील हवा असेल तर पुन्हा ती सेन्सची विचारपूस. चांगली चिप ड्राइव्हचं उत्तर जसंच्या तसं पुढे देते. स्वस्तातली चिप कधी अपयशाची पावती देऊन सेन्समध्ये शून्य, शून्य, शून्य पाठवते : 'अडलं आहे, पण सांगण्यासारखं काही नाही.' असं उत्तर आलं की डिस्क आणि ड्राइव्ह दोघांना सोडून दुभाष्याकडे वळावं.

आणि वीज. यूएसबी २.० चं तोंड ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. पातळ ड्राइव्हच्या पोटावरचं लेबल वाचून पाहा. ५ व्होल्ट, दीड अँपिअरच्या आसपासचा आकडा त्यावर नवलाचा नाही. तेवढी वीज सतत लागत नाही. डिस्क फिरवायला सुरुवात करताना आणि लिहिताना लागते. म्हणून जुन्या ड्राइव्हबरोबर दोन शेपट्यांची वायर येई, दुसरी शेपटी नुसती वीज ओढायला. आता ती शेपटी कुठे सापडत नाही, आणि आपण ड्राइव्ह चार तोंडांच्या हबला लावतो, जिथे आधीच माउस, कीबोर्ड आणि मोबाइल चरत असतात. मग डिस्क फिरू लागते, वीज खचते, ड्राइव्ह रीसेट होतो. लिनक्समध्ये 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ दिसते, किंवा उणे ७१ आणि उणे ११० हे आकडे : पहिला म्हणजे बोलण्याचे संकेत मोडले, दुसरा म्हणजे वाट पाहून कंटाळलो. सोबत तो मघाचा २९ नंबरचा कोड असेल तर निकाल जवळपास लागलाच. हब काढा, आखूड वायर घ्या, संगणकाच्या अंगावरच्या तोंडात थेट लावा. इतक्या फुकटच्या उपायानं 'मीडियम एरर' नाहीशी झालेली मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे, आणि दर वेळी डिस्कला दिलेल्या शिव्या परत घ्याव्या लागल्या आहेत.

शेवटचा दुभाषी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आणि भाषांतराची खरी वाट तिथे लागते. लिनक्स सेन्सचे आकडे आणि त्यांचा अर्थ नोंदवहीत जवळपास अक्षरशः उतरवतो. त्याला शिष्टाचार येत नाहीत, पण तो लपवत नाही. मॅक डिस्क लिहिताना आलेल्या अडचणी डिस्क रेकॉर्डिंगच्या वेगळ्या नोंदवहीत ठेवतो, पडद्यावर मात्र मोघम बोलतो. विंडोज पंधरा-वीस निरनिराळ्या शेऱ्यांची वाटणी डॉसच्या काळापासून चालत आलेल्या मूठभर वाक्यांत करतो. ही वाटणी कळली की उलटं वाचता येतं. 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' म्हणजे की तीन. ड्राइव्हनं सीआरसीचं नावही घेतलेलं नसतं. 'डिव्हाइस इज नॉट रेडी' म्हणजे की दोन. 'आय/ओ डिव्हाइस एरर' बहुधा की चार. आणि 'इनकरेक्ट फंक्शन', ज्यानं कोणाचंच कधी भलं केलेलं नाही, ते की पाचचं रूप : मागणी गैर होती. डिस्क कोरी असली तरी पुष्कळदा हेच वाक्य येतं.

८००७०४५डी असा लांबलचक आकडा दिसला तर तो सोलून पाहावा. पहिले चार म्हणजे '८००७' हे नुसतं वेष्टन. आतला ०४५डी दशमानात १११७, आणि १११७ म्हणजे तीच 'आय/ओ डिव्हाइस एरर'. शेवट ००१७ असेल तर तो २३, म्हणजे सायक्लिक रिडंडन्सी. ००१५ असेल तर २१, तयार नाही. आकडा इंटरनेटवर टाकला की 'रजिस्ट्री दुरुस्त करणारं' सॉफ्टवेअर गळ्यात मारणारे दहा जण भेटतात. त्यांतल्या एकालाही या आकड्यात लेझर बोलतोय हे ठाऊक नसतं.

लिहितानाच्या एररचं जग आता आटत चाललं आहे, म्हणून थोडक्यात. सर्वांत कुप्रसिद्ध ७३, ०३ : 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर'. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला राखीव जागेवर लेझरची ताकद अजमावून पाहतो, जसा पेंटर भिंतीच्या कोपऱ्यात एक फटकारा मारून रंग बघतो. कोणत्याच ताकदीनं नीट डाग उमटेना, तर हा कोड. बहुतेक वेळा त्या ड्राइव्हला त्या कंपनीची कोरी डिस्क मानवत नसते; डिस्कचा दुसरा गठ्ठा आणला, वेग कमी केला की काम होतं. प्रत्येक कंपनीच्या डिस्कवर असं झालं, तर लेझर संपत आला. बफर रिकामा पडल्यामुळे सीडी वाया जाणं, ज्यानं २००० सालापूर्वी कित्येकांच्या घरात चहाचे कप ठेवायला चकत्या पुरवल्या, ते सान्योच्या बर्न-प्रूफसारख्या युक्त्या आल्यावर जवळजवळ थांबलं.

हार्ड डिस्क या लेखाच्या कडेला बसते, पण तिची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कच्या तब्येतीची नोंद म्हणजे स्मार्ट. तिच्यातला १९९ नंबरचा आकडा वाढला की वायर खराब, असं सर्रास सांगितलं जातं. तो आकडा मोजतो डबीच्या आतली, डिस्क ते चिप एवढीच जोडणी. यूएसबीची वायर कितीही तुटकी असो, डिस्कला तिचा पत्ताच नसतो. ५, १९७ आणि १९८ हे आकडे खरे काळजीचे. पण ते शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहणंही खरं नव्हे. गूगलनं २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान सोडून स्मार्टचे बाकी सगळे आकडे धरले तरी निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्का कोणतीही खूण न दाखवता गेल्या होत्या. हे तक्रार न करता गेलेले तक्रारदार.

परत मखमली खोक्याकडे. हब काढून ड्राइव्ह थेट लावला तेव्हा एररच्या ओळी निम्म्यानं घटल्या. उरलेल्यांसाठी अडगळीतला जुना डेस्कटॉप काढला. त्यात २००९ च्या सुमाराचा जाडजूड, पूर्ण आकाराचा ड्राइव्ह होता. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम मिळालेल्या आणि न मिळालेल्या सेक्टरांचा नकाशा वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्यामुळे एका ड्राइव्हनं जे सोडलं तेवढंच दुसऱ्याला वाचायला देता येतं. दोन ड्राइव्ह एकाच ठिकाणी अडतातच असं नाही. एकाचं वाकडं अंगण दुसऱ्याला सरळ निघतं. जुन्या ड्राइव्हनं रात्रभर कुरकुरत एक एक पुंजका गोळा केला. सकाळी नकाशात एकच लाल ठिपका उरला होता, बरोबर १६ सेक्टरांचा.

भाचीनं व्हिडिओ पाहून फोन केला. "मामा, सगळं दिसतं. फक्त पंगतीत एक काका मठ्ठा वाढतायत ना, त्यांच्या चेहऱ्याचे अर्धा सेकंद चौकोन होतात. कोण आहेत ते?"

बहिणीला विचारलं. तिलाही आठवेना.